सगळ्यांनी खरवडायची भिंत

सोमवार
आले बाई एकदाची! मला अक्षर ओळखता येत नाही, म्हणून नातीने फोनमध्ये सोय करून दिलीय. मी बोलायचं, त्याने लिहून घ्यायचं. नवऱ्यानेसुद्धा उभ्या जन्मात माझं इतकं निमूट ऐकलं नव्हतं.

नात म्हणजे आमची ठकी, चित्रकार. ही इमारत आधी शाळा होती, मग इस्पितळ, मग कचेरी. आता इथे ठकीचं प्रदर्शन. दालनाला लागूनच आमची खोली. दालनात एक लांबलचक भिंत, बाकी काही नाही. ठकी पात्याने तिचे थर काढते: वर कचेरीचा पांढरा, मध्ये इस्पितळाचा हिरवा, तळाशी शाळेचा पिवळा. उरलेली भिंत रविवारी येणाऱ्यांनी खरवडायची. घरी पोरांनी भिंतीवर रेघ ओढली तर धपाटा, इथे म्हणे ती कला!

मंगळवार
ठकीच्या बोटांवर पांढरा रंग बसलाय. साबण झाला, तेल झालं, निघत नाही. म्हटलं, बरंय, हातमोजे नकोत. हसली.

गुरुवार
पांढऱ्यावर आता हिरवा, कोपरापर्यंत. भिंत जेवढी उघडी पडते, तेवढी ठकी झाकली जाते. बोटं वाकत नाहीत, घास मी भरवते. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी. म्हटलं, जरा टिचकी मारून बघा, हात भिंतीसारखा वाजतो. त्यांनी माझंच ब्लडप्रेशर तपासलं. घरी चल म्हटलं तर ठकी म्हणते, आजी, एवढा रविवार होऊ दे.

शुक्रवार
पिवळा. गळ्यापर्यंत. पातं मी लपवलं, तर बया नखांनी खरवडत बसली. थांबताच येत नाही म्हणाली. रडली — डोळ्यांतून चुन्याचं पाणी.

शनिवार
अंथरूण रिकामं. भिंतीची उघडी जागा बुजलीय. हात लावला — कोमट. वेणीचं टोक तेवढं बाहेर. ओढलं तर आतून कण्हली. माझी ठकीच. प्रदर्शनाच्या साहेबांना ओढत आणलं. वेणी बघून खूश झाले, पोरीने कमाल केली म्हणाले.

रविवार
लोक आले. पाती वाटली. मी भिंतीला पाठ लावून उभी — आत माझी नात आहे, पाया पडते, खरवडू नका — फोटो काढतायत माझे. साहेब म्हणतात, आजीबाई, अगदी खरं वाटतंय. अहो बाई, तिकडे नको — माझे हात पुरत नाहीत — ठकी ओरडतेय, ऐकू येत नाही का — येतंय. सगळ्यांना येतंय. टाळ्या वाजव—