चौघांचा पास

४ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.

सुरुवातीलाच मोठी बातमी. थीम पार्कचा चौघांचा वार्षिक पास काढला. एका दिवसाचं तिकीट गेल्या आठवड्यात परत वाढलं. लोक खिडकीशी जाऊन भांडतात, पेपरात पत्रं लिहितात. मी भांडत नाही, मी डोकं चालवतो. भाव वाढतच जाणार असेल तर वर्षभराचं आत्ताच काढून मोकळं व्हावं. जितक्या जास्त वेळा जाऊ तितकी एक फेरी स्वस्त. दर रविवारी गेलो तर एप्रिलअखेर पास वसूल, मग डिसेंबरपर्यंत फुकट. ही साधी गोष्ट त्या कंपनीच्या लक्षात कशी आली नाही, देव जाणे.

खरं कारण इथेच लिहितो, घरात बोललेलो नाही. थोरलीचं कॉलेज मे महिन्यात संपतंय. नोकरी लागलीये, पण दुसऱ्या शहरात. जुलैत जाणार. एकदा गेली की गेली, मग पाहुणी. पार्कातल्या मोठ्या रोलर कोस्टरला सगळ्यात पुढची रांग चार सीटची आहे. त्या चार सीटवर आम्ही चौघं एकदा ओळीनं बसायचं. एवढंच.

बायको म्हणाली, पोरगी सात वर्षांची असताना रोज मागे लागायची, तेव्हा तुम्हाला तिकीट महाग वाटलं होतं. मी म्हणालो, तेव्हा महागच होतं. हिला हिशेबात गती नाही.

११ जानेवारी, रविवार

पहिली फेरी. पार्किंग पासमध्ये धरलेलं नाही असं गेटवर कळलं. गाडी पार लांब, ड्रायक्लीनिंगवाल्याच्या दुकानापाशी लावली आणि चालत आलो. व्यायाम झाला. मग गार्डनं डबा अडवला, बाहेरचं खाणं आत चालत नाही. आत सँडविचचा भाव विचारला आणि परत बाहेर जाऊन गेटसमोर उभ्या उभ्या सगळा डबा संपवला. चिरंजीव म्हणाले, बाबा, लोक बघतायत. म्हटलं, बघू देत, शिकतील.

कोस्टरवर बॅगा न्यायला बंदी. मोबाइलसुद्धा नाही. त्यासाठी लॉकर, आणि लॉकरचं भाडं वेगळं, तेही तासावर! मी स्वच्छ नकार दिला. पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. आळीपाळीनं एकानं खाली बॅगा घेऊन बसायचं असं ठरवलं. आज ही बसली. आम्ही तिघं पुढच्या रांगेत, चौथ्या सीटवर एक अनोळखी गृहस्थ. फार ओरडत होते.

१२ जानेवारी, सोमवार

ऑफिसात पासची बातमी दिली. आमच्या कॅशियरनं विचारलं, मागच्या अटी वाचल्यास का. हसू आलं. विमा कंपनीच्या क्लेम विभागात वीस वर्षं मी लोकांना अटी दाखवून घरी पाठवतोय. मला अटी शिकवतो!

८ फेब्रुवारी, रविवार

आज बॅगांपाशी थोरली.

सुट्टीच्या दिवशी आणि मोठ्या वीकेंडला पास चालत नाही म्हणे. खिडकीवरच्या बाईंना जाब विचारला. त्यांनी गोड हसून पास उलटा करून दाखवला. लिहिलेलं होतं. इतक्या बारीक टायपात की आमच्या कंपनीलाही जमलेलं नाही. मनातल्या मनात सलाम केला.

वसूल आता मे महिन्यात. हरकत नाही.

१ मार्च, रविवार

तिकीट आणखी वाढलं!! म्हणजे आपला पास आपोआप महाग झाला. बसल्या जागी फायदा. जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. चिरंजीवांनी पाणी मागितलं.

चिरंजीवांची परीक्षा तोंडावर आहे, म्हणून इतिहासाचं पुस्तक रांगेत घेतलं. वेळेचा सदुपयोग. शिवाय आता जास्त पैसे भरणाऱ्यांसाठी वेगळी रांग काढलीये. ते आमच्या नाकासमोरून भराभरा जातात आणि आमची रांग तसूभर हलत नाही. मागचा एक माणूस भडकला. तीन लेकरं कडेवर-खांद्यावर. ओरडून म्हणाला, तिकीट घेताना कातडी सोलता आणि वर उन्हात उभं करता? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याला शांतपणे वार्षिक पासचं गणित समजावलं. तो मला जे बोलला ते लिहीत नाही. शिकल्यासवरल्या माणसाला शोभणारं नव्हतं.

२९ मार्च, रविवार

एक नोंद. कोस्टर वरून खाली सुटतो तेव्हा आधी पोटात खड्डा पडायचा. आता पडत नाही. आज खाली येताना मी बाथरूमच्या गळक्या नळाचा विचार करत होतो. याला स्थितप्रज्ञता म्हणतात.

थोरलीला विचारलं, तुला काय वाटतं वरून येताना. म्हणाली, काही नाही बाबा. वरून आपली गाडी दिसते, ती बघते.

चिरंजीव इतिहासात नापास. पेपर अवघड होता.

१९ एप्रिल, रविवार

बायकोनं राजीनामा दिला. म्हणाली, गुडघे दुखतात, रविवार म्हणून एक दिवस मिळतो तो त्या रांगेत जातो, मी काही येत नाही. वर म्हणाली, अहो, लॉकरचे पैसे भरा, चौघं एकदा बसू, आणि संपवा हे. मी म्हणालो, आज लॉकर, उद्या पार्किंग, परवा सँडविच. एकदा का नाकात वेसण घालून घेतली की संपलं.

थोरली म्हणाली, लॉकरचे मी देते, शिकवणीचे आहेत माझ्याकडे. मी भडकलो. लेकीच्या पैशानं बापानं मजा करायची? नंतर मीच मोठ्या मनानं विषय बदलला.

बायकोची समजूत जूनपर्यंत पटेल. ती मुळात समजूतदार आहे.

१० मे, रविवार

आज चिरंजीवही नाहीत. मित्राकडे. मी आणि थोरली. गेटपाशी आल्यावर म्हणाली, बाबा, आज नको ना आत जाऊ या. समोर ती बाग आहे, बाकडी रिकामी आहेत. नुसतं बसू. गप्पा मारू.

म्हटलं, अगं, बागेला काय, कधीही येता येईल. तिला फुकट प्रवेश आहे.

हसली. आली आत. एक जण बॅगांपाशी हवाच, म्हणून ती बसली आणि मी तीन चकरा मारून घेतल्या. प्रत्येक वेळी खाली आलो की ती हात करायची. तिसऱ्यांदा तिचं लक्ष नव्हतं. घराच्या चाव्या बोटात फिरवत लांब कुठंतरी बघत होती. काय बोलायचं होतं तिला, विचारायचं राहिलं. पुढच्या रविवारी विचारीन.

१७ मे, रविवार

थोरली मैत्रिणींकडे गेली. एकटाच गेलो. पास चौघांचा असला तरी एकट्याला सोडतात, हे चांगलं आहे. एकट्या माणसाची रांग वेगळी असते आणि ती फार भरभर सरकते. पूर्वीच कळायला हवं होतं.

१४ जून, रविवार

कोस्टर दुरुस्तीसाठी बंद. महिनाभर बंदच आहे. तरी जातो. पार्कात कारंजं आहे, त्याच्यासमोर बसतो. बंद आहे म्हणून तिकीट कमी केलं का? उलट वाढवलं. लोक खिडकीवर हात आपटत होते. मला पूर्वी मजा वाटायची, आता तीही वाटत नाही. राग येत नाही, मजा येत नाही. बसतो, वेळ झाली की उठतो.

वसूल ऑक्टोबरमध्ये.

घरी थोरलीचं कपाट आवरणं चाललंय. मी त्या खोलीत जात नाही. धूळ असते.

२८ जून, रविवार

कोस्टर सुरू झाला! थोरलीची गाडी पुढच्या रविवारी, पाच तारखेला, दुपारी चारची. म्हणजे सकाळ मोकळी.

जेवताना जाहीर केलं, पाच तारखेला सकाळी चौघांनी जायचं, आणि लॉकरचे पैसे मी भरणार. चिरंजीवांचा घास हातात राहिला. थोरली म्हणाली, बाबा, खरंच? म्हटलं, खरंच. बायको म्हणाली, अहो, त्या दिवशी सामानाची धावपळ असणार. थोरलीच म्हणाली, नाही आई, जाऊ या. मला जायचंय.

उठून हात धुवायला गेलो आणि उगाच बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिलो. बरं वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

१ जुलै, बुधवार

पार्ककडून मेसेज. आजपासून पासवाल्यांनी येण्याआधी वेळ बुक करायची. लगेच मोबाइल घेऊन बसलो. पास नंबर टाका म्हणाला, टाकला. पाच तारीख, सकाळी नऊ. पाच मिनिटांत काम फत्ते. कॅशियरला सांगितलं, सिस्टिम सुधारतेय.

५ जुलै, रविवार. सकाळी ७

योजना अशी. मी बसनं जाऊन नऊ वाजता गेट उघडताच आत. लॉकर घेणार, बॅग आणि मोबाइल त्यात. मग कोस्टरच्या रांगेत जागा धरणार. ही तिघं टॅक्सीत सामान घालून दहापर्यंत येतील. चौघं बसू. तिथूनच स्टेशन. वेळेला वेळ, मजेला मजा. थोरलीनं निळा ड्रेस काढून ठेवलाय, मी विचारलं नव्हतं, तिनंच दाखवला. निघतो.

५ जुलै, रविवार. संध्याकाळी ७

घडलं तसं लिहितो.

लॉकर घेतला. रांगेत राहिलो. साडेदहाला अगदी पुढे पोचलो. मंडळी आलेली नव्हती. कोस्टर चालवणाऱ्या बाईंना सांगितलं, माझे तिघं येतायत, पुढची रांग धरून ठेवा. त्यांनी दोन खेपा ऐकलं. मग मी मागच्यांना पुढे सोडत राहिलो. या, तुम्ही जा, माझी माणसं येतायत. अकरा झाले. बारा झाले. मोबाइल लॉकरमध्ये. रांग सोडून बघायला जावं तर धरलेली जागा जाणार. एवढा वेळ उभं राहून जागा घालवायची? आणि नेमकी तेव्हाच ती आली तर?

दुपार टळत आली तेव्हा बाई म्हणाल्या, साहेब, बसा नाहीतर बाजूला व्हा. बसलो. शेजारी तीन अनोळखी. वरून गेटाबाहेरचा रस्ता दिसला. माणसं बारीक दिसत होती, ओळखू येत नव्हती.

खाली येऊन लॉकर उघडला. बायकोचे आणि लेकीचे इतके कॉल की एका पडद्यावर मावत नव्हते. पास एक असला तरी वेळ चौघांची वेगवेगळी बुक करायची होती. मी माझ्या एकट्याची केली होती. तिघांना गेटवर अडवलं. तिघं सामान घेऊन बाहेर उन्हात उभी होती, दहापासून. गाडीची वेळ झाली तशी गेली.

टॅक्सी मिळाली, पण स्टेशनवर पोचलो तेव्हा फलाटावर ही आणि चिरंजीव दोघंच. गाडी वेळेवर सुटली होती. नेहमी उशिरा सुटते.

हिला म्हटलं, मेसेजमध्ये स्पष्ट लिहायला हवं होतं त्यांनी. ही चिरंजीवांना घेऊन फलाटाबाहेर निघाली.

६ जुलै, सोमवार

थोरलीचा फोन आला. पोचली. खोली बरी आहे म्हणाली, खिडकी आहे. मी विचारलं, जेवलीस का. तिनं विचारलं, तुम्ही जेवलात का. मी सांगितलं, आजपासून तिकीट पुन्हा वाढलंय, आपण पास काढला ते किती बरं केलं. ती म्हणाली, हो बाबा. मला काहीतरी बोलायचं होतं. सापडलं नाही. फोन बायकोकडे दिला.

८ जुलै, बुधवार

एक गोष्ट मला खटकत होती. आज बायकोला विचारलीच. गेटवर अडवलं तर अडवलं, शेजारीच खिडकी होती. तुमच्याजवळ पैसे होते. एका दिवसाची तीन तिकिटं काढून आत का नाही आलात? मी चार-पाच तास जागा धरून उभा होतो.

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, मी पर्स उघडलीसुद्धा होती. पोरीनंच हात धरला. म्हणाली, नको आई, बाबांना आवडणार नाही तिकीट काढलेलं. ते बाहेर येतील, आपण थांबू.

म्हटलं, शहाणी आहे पोर. माझ्यावर गेली.

ही उठून आत गेली. भाजी तशीच. राहिलेली मी निवडली. काही वाटत नव्हतं. वाटायला पाहिजे एवढं कळत होतं.

१२ जुलै, रविवार

सकाळी चिरंजीवांनी बूट घातले आणि दारात उभे राहिले. विचारलं, बाबा, आज जायचं नाही?

म्हटलं, नको. रविवारी गर्दी असते.