अस्तराची मासोळी

२ मार्च, रविवार

आजही तेच! यांच्या दोस्ताची, बंडूभाऊंची मोटरसायकल सकाळी सकाळी फाटकासमोर फटफटली, हे मागे बसले अन् चालले परियट नदीवर मासे धरायला. मी म्हटलं, "मी पण येऊ का एकदा?" तर म्हणतात, "अवं, गाडीवर जागा कुठे आहे? अन् तिथे मगरी राहतात!" लग्नाला तीस वर्षं होऊन राहिली, दर वेळी त्या मगरीच माझ्या आडव्या येतात. यांना नाही खात त्या?

मला काही मासे नाही धरायचे. मला फक्त पाहायचं आहे की हा माणूस तिथे दिवसभर बसतो कसा. घरात तर घडीभर एका जागी बूड टेकत नाही! एकदा त्यांनी स्वतःहून म्हणावं, "चल प्रतिमा." बस. दुसरं काही मागणं नाही माझं.

संध्याकाळी तोंड पाडून आले. काय झालं तर म्हणे मासोळी फाटली. गळाच्या काट्याला लावायची रबरासारखी खोटी मासोळी असते, बोटभर लांब, शेपटी लुटलुट हलते. मरळ तिला खरी समजून गिळायला येते. "टिकाऊ घ्यावी तर कडक निघते, मासा तोंडात धरून थुंकून देतो. नरम घ्यावी तर चिंध्या होतात. काय करावं माणसानं?"

मी हातात घेऊन पाहिली. डोक्याजवळच फाटली होती, जिथून काटा घालतात तिथे. तीन-चार भोकं होती. मी म्हटलं, "हे घरी होईल की!" तर हसले. म्हणे, "ते काय फॉल-पिको आहे?"

फॉल-पिको! याच फॉल-पिकोवर पोरगी इंजिनियर झाली. आता तर करूनच दाखवते.

५ मार्च

वैभवीला पुण्याला फोन केला. म्हणे, "मम्मी, तुम भी ना! कुछ भी चालू करती हो." पण पोरगी माझीच. तासाभरात सगळं शोधून मागवून पण दिलं. दुधासारखं पांढरं रसायन, नरम करायचं तेल, रंग, चमकी. म्हणे गरम केलं की दुधाचं पाणी होतं, ते साच्यात ओतायचं, गार झालं की मासोळी तयार.

ऐकायला किती सोपं!

११ मार्च

सोपं नाही!! यांची एक जुनी मासोळी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये दाबून साचा केला. तो पुरता वाळायच्या आधीच मी हौसेनं ओतून मोकळी. फस्सकन फुगे आले, एक थेंब मनगटावर उडाला. मासोळी निघाली ती चाळणीसारखी. धूर तर असा की मी तोंडाला ओढणी बांधून अंगणात पळाली. शेजारच्या एकताने भिंतीवरून विचारलं, "आंटी, कुछ जल रहा है क्या?" मी म्हटलं, "हाँ बेटा, मेरा दिमाग."

आता शेगडी अंगणातच मांडली. जुनी कढई या कामाला दिली. ती परत स्वयंपाकात येणार नाही.

१४ मार्च

होळी. हात आधीच रंगलेले होते, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

१६ मार्च, रविवार

साचा गच्चीवर खडखडीत वाळवला, आतून पातळ फेविकॉलचे हात दिले. आता कशी गुळगुळीत निघाली! हिरवी, पोटाला चमकी. हे घेऊन गेले. संध्याकाळी म्हणाले, "कडक आहे वो. काटाच आत जात नाही."

तेल वाढवावं लागेल. बरं, वाढवू. मी काही रडून नाही राहिली.

२० मार्च

काल नरम मासोळ्या केल्या, हलव्यासारख्या. डझनभर. कौतुकानं मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवल्या. आज पाहते तर झाकण, डबा, मासोळ्या — सगळा एकच गोळा! हे हसता हसता खोकायला लागले. "अवं, हे दुसऱ्या प्लास्टिकमध्ये ठेवतच नाहीत. खाऊन टाकते ते डब्याला."

"मग काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलं कुठे?"

असा राग आला! पण मग मला पण हसू आलं. रिटायर झाल्यापासून हा माणूस एवढा हसलाच नव्हता. फॅक्टरीत होते तेव्हा हसत घरी यायचे, दिवसभर लेथवर उभे राहून पण. आता माझ्या मासोळ्यांची सोय यांच्या सुपारीच्या स्टीलच्या डब्यात केली आहे. सुपारी तशीही सोडायलाच पाहिजे होती.

२३ मार्च, रविवार

नरम घेऊन गेले. काटा लावता लावताच फाटल्या म्हणे. सगळ्या! "राहू दे प्रतिमा आता, झालं तेवढं पुरे."

राहू कसं देऊ? तीस वर्षं ब्लाउज शिवले, एकीचाही गळा उसवून परत आला नाही.

२७ मार्च

मिळालं!!!

गोहलपूरच्या एका नवरीचा घागरा फुगवायला आला होता. आत कडक जाळी लावत होती मी, अन् एकदम हातच थांबला. आपण कॉलरला बक्रम लावतो, हुकपट्टीला अस्तर देतो. काहून? जिथे ओढ पडते तिथे कपडा एकटा टिकत नाही म्हणून! मग मासोळीलाच अस्तर नको का? सगळी कडक काहून करायची? अंग नरम राहू दे, डोक्यात फक्त जाळी घाला!

नवरीचा घागरा राहिला बाजूला. जाळीची बारीक पट्टी कापली, साच्यात डोक्याच्या जागी ठेवली, वरून नरम माल ओतला. मग बादलीत सरळ टांगून गार केली, नाहीतर शेपटी वाकडी होते. दोन्ही हातांनी ओढून पाहिली. तुटेना! अन् शेपटी तशीच लुटलुट! मी अंगणात एकटीच टाळ्या वाजवल्या. एकताचा कुत्रा भुंकला.

यांना दाखवली तर किती वेळ बोटांनी चाचपत राहिले. डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. म्हणाले, "वा! काय डोकं चालवलं वो तू!"

वा म्हणाले. लग्नानंतर साड्यांना म्हणायचे तसं.

३० मार्च, रविवार

"फाटलीच नाही! तीन मरळ लागल्या, तिन्ही सोडून दिल्या." अन् मासोळी जशीच्या तशी परत आणली! मी तर हवेतच.

मग म्हटलं, "आता तरी न्या मला. कारागिराला काम पाहू देत नाही का?" तर मान खाली. "पाहू. पुढच्या वेळी."

६ एप्रिल, रविवार

बंडूभाऊंनी पण मागितल्या. "वहिनी, आमचा काय गुन्हा आहे?" त्यांना सहा दिल्या, हिरव्या.

हे म्हणाले, "माझ्या पिवळ्या कर. एकदम भडक. मला — माशाला नीट दिसली पाहिजे." केल्या पिवळ्या, हळदीसारख्या. त्याही आज जशाच्या तशा परत आल्या.

भीमजयंतीचे पांढरे ब्लाउज ढिगानं पडले आहेत. मशीनवर पांढरं, अंगणात पिवळं. दोन्ही कामं करताना गुणगुणून राहिली होती मी. बरं चाललं आहे सगळं. फक्त ते "पुढच्या वेळी" काही येत नाही.

१३ एप्रिल, रविवार

बंडूभाऊ संध्याकाळी चहाला थांबले. खिशातून माझ्या हिरव्या मासोळ्या काढल्या. "वहिनी, पाहा! एवढे मासे चावले तरी काही झालं नाही. पक्का माल!" खरंच. दातांच्या खुणा, डोक्यात काट्याचं भोक, पण भोकाच्या बाजूनं एक धागा सरकला नाही. माझी जाळी टिकली! मी त्यांना दोन बिस्किटं जास्त दिली.

ते गेल्यावर यांची ती तीन मरळवाली अन् पिवळ्या काढल्या, त्याही पाहाव्या म्हणून. उजेडात धरल्या, उलट्यासुलट्या केल्या. दातांची खूण नाही. अन् भोक? एक पण नाही. सुईचं भोक मला दिसणार नाही असं होऊच शकत नाही.

म्हणजे काटा लावलाच नाही! मग तीन मरळ कशाला लागल्या? माझ्या तोंडावर खोटं? हा माणूस तिथे जाऊन करतो काय? आवडल्या नसतील तर सरळ सांगायचं. कोणी म्हटलं होतं खोटी वाहवा करा म्हणून! विचारलं नाही. उद्या जयंती आहे, तोंड वाकडं नको.

१४ एप्रिल

जयंती. सगळे पांढऱ्यात, अर्ध्या बायकांच्या अंगावर माझीच शिलाई. खीर झकास झाली होती. हे एका अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जय भीम बंडू, कवा आला?" बंडूभाऊ तर माझ्या बाजूला उभे! सगळे हसले, हे पण हसले. मी पण हसली. मग नाही हसली.

कपाबाहेर चहा ओततात ते. पेपर हातात धरतात, पान उलटत नाहीत. यांची स्कूटर धूळ खात पडली आहे, म्हणे "बंडू नेतो ना." अन् मी साडीचा रंग विचारला की नुसतं "मस्त."

२० एप्रिल, रविवार

येऊ का म्हणून आज विचारलंच नाही. बंडूभाऊंना काल सांगून टाकलं, येऊ नका. सकाळी माझी स्कुटी काढली, म्हटलं, "बसा मागे." काय वाटलं कोण जाणे, बसले.

परियटच्या काठावर त्यांनी पिवळी मासोळी घेतली, काटा घेतला, अन् टोक डोक्यावर टेकवलं. घसरलं. परत टेकवलं, परत घसरलं. बोटाला रक्त आलं. पहिल्या दिवशीच्या त्या तीन-चार भोकांचं मला तेव्हा कळलं. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. बंडूला पण माहीत नाही, तो पलीकडच्या दगडावर बसतो. तीन रविवार बिनकाट्याचीच फेकून राहिलो. तुला आणलं असतं तर तू पाहिलं असतं. अन् तू एवढी खुश होतीस, कसं सांगू?"

मी काटा त्यांच्या हातातून घेतला. डोक्यातून आत, जाळीच्या मागून, पोटातून बाहेर. एका दमात. सुई ओवणं माझं काम. मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यात नेते, आता नाही ऐकायची.

फेकली त्यांनीच. काही लागलं नाही. मगर पण दिसली नाही. दुपार झाली तरी आम्ही दोघं बसूनच. मी उठायला लागली तर यांनी हात धरला. "चल प्रतिमा, अजून एक ओव."