क्षितिजाचे घड्याळ : एक शास्त्रशुद्ध निवड

७ सप्टेंबर, रविवार

आमची लेक क्षितिजा अठ्ठावीस तारखेला चेन्नईला निघणार. लष्करी अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण. आमच्या घराण्यात आजवर सर्वांनी खुर्चीत बसूनच देशसेवा केली: कोणी कारकुनी, कोणी वकिली, आणि मी दादरच्या महाविद्यालयात आयुष्यभर पदार्थविज्ञान. मैदानात उतरणारी ही पहिलीच.

काल जेवताना तिला कोणी काय द्यायचे याची वाटणी झाली. मेव्हणा हेरंब म्हणाला, "घड्याळ मामाकडून, आत्ताच ऑर्डर करतो," आणि त्याने खिशातून मोबाईल काढलासुद्धा. मी त्याचा हात धरला. सैनिकाचे घड्याळ म्हणजे वरणावर पिळायचे लिंबू नव्हे, की हाताला लागेल ते उचलले. ही जबाबदारी माझी, असे सर्वांसमक्ष जाहीर केले. हेरंबला बुटांवर समाधान मानावे लागले.

निर्धार पक्का दिसावा म्हणून क्षितिजाचे जुने, सोनेरी पट्ट्याचे नाजूक घड्याळ तिथल्या तिथे हेरंबच्या मुलीला, राधाला देऊन टाकले. क्षितिजा म्हणाली, "अरे बाबा, मग तोवर मी काय घालू?" मी म्हणालो, धीर धर. प्रशिक्षणात मोबाईल हातात मिळणार नाही म्हणतात. तेव्हा घड्याळ हवेच, आणि ते मीच तिच्या मनगटावर बांधणार.

संकल्प: आठवड्याच्या आत खरेदी.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. पत्नी कालिंदी म्हणते, या पंधरवड्यात नवी वस्तू घरात आणायची नाही. मी विज्ञानाचा माणूस, असल्या गोष्टी मानत नाही. परंतु गृहशांती हीदेखील एक नैसर्गिक शक्ती आहे. शिवाय सखोल अभ्यासाला हा काळ आयताच मिळाला. पूर्वजांचे आभार.

सुधारित संकल्प: आधी सिद्धान्त, मग बाजार.

१० सप्टेंबर, बुधवार

आजचा विषय: जलरोधकता.

क्षितिजा शिवाजी पार्कवर धावून घामाघूम होऊन आली आणि पाणी पिता पिता म्हणाली, "बाबा, घड्याळावर पन्नास मीटर लिहिलेलं असतं, म्हणजे पन्नास मीटर खोल चालेल ना?" या प्रश्नाची मी कित्येक दिवस वाट पाहत होतो. तिला बसवले. स्वयंपाकघरातून पातेले, वाटी आणि लोणच्याची बरणी आणली. सांगितले, की तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो. प्रत्यक्ष पाण्यात हात मारला की दाब क्षणभर वाढतो. म्हणून नदी ओलांडणाऱ्याने शंभर किंवा दोनशेचेच घ्यावे. मग मुख्य मुद्दा. घड्याळाच्या पाठीखाली रबराची बारीक कडी असते, तीच खरी पहारेकरी. तिचे शत्रू दोन: गरम पाणी आणि साबण. हे वाक्य मी तिच्याकडून म्हणवून घेतले.

वरण निवले. कालिंदी म्हणाली, "आता हेसुद्धा गरम नाही, म्हणजे तुमच्या कडीला चालेल."

१३ सप्टेंबर, शनिवार

काचेचा अभ्यास. नीलमणी काच जवळजवळ ओरखडत नाही, पण जोराच्या आघाताने फुटू शकते. साधी खनिज काच ओरखडते, पण फटका बरा सोसते. वाचणे निराळे आणि अनुभवणे निराळे, म्हणून स्वतःच्या घड्याळावर विळीचे पाते ओढून पाहिले. ओरखडा पडला. सिद्धान्त खरा ठरला.

त्यानंतर धक्क्याची चाचणी. कपाटावरून फरशीवर. यांत्रिक घड्याळाचे नाजूक तोलचक्र आघाताला भिते, हेही खरे ठरले. वडिलांनी लग्नात दिलेले घड्याळ होते. कामी आले.

निष्कर्ष: तिच्यासाठी बॅटरीवर चालणारे क्वार्ट्झ. तूर्त घरात भिंतीवरच्याखेरीज घड्याळ नाही, हा योगायोग.

१६ सप्टेंबर, मंगळवार

हेरंब बूट घेऊन आला. क्षितिजाने ते लगेच घातले आणि घरभर धाडधाड चालून दाखवले. त्याने त्या बुटांविषयी काय वाचले होते, असे मी विचारले. तो म्हणाला, "काही नाही भाऊजी. तिला नंबर विचारला." अशा माणसाशी काय बोलायचे?

जाताना म्हणाला, "पोरगी कर्नल होईल तोवर तुमचा पहिला धडा संपेल ना?" सगळे हसले. क्षितिजा जरा जास्तच हसली. दुर्लक्ष केले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

गिरगावात घड्याळाच्या दुकानात गेलो. केवळ निरीक्षण, खरेदी नाही. त्यामुळे पितृपक्षाला बाधा येत नाही.

दुकानदाराने बजेट विचारले. मी त्याला पट्ट्याविषयी विचारले. दोन तुकड्यांचा पट्टा असला की एक खीळ तुटली तरी घड्याळ हातातून गेलेच. नायलॉनचा अखंड पट्टा असेल तर ते दुसऱ्या खिळीवर टिकून राहते. चकाकणारे धातू नकोत, उन्हात लांबून लकाकतात. बॅटरी थंडीत क्षीण होते, म्हणून प्रकाशावर चालणारे उत्तम. बोलता बोलता भोवती गिऱ्हाईक जमले. एक गृहस्थ पत्नीसाठी काही पाहत होते. माझे ऐकून ते "मग नकोच" म्हणत निघून गेले. दुकानदार माझ्या ज्ञानाने इतका भारावला, की हात जोडून म्हणाला, "सर, आता घरी जाऊन शांतपणे विचार करा." चहा मात्र सांगितला नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. अभ्यास संपूर्ण. आठवडाभर उरला आहे, म्हणजे वेळच वेळ.

कालिंदीने क्षितिजाची बॅग भरायला काढली. बॅग दिवाणखान्यात मध्येच उघडी ठेवते, जाता-येता पायात येते. मी ती दोनदा बंद केली.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

घेतले! काळे, मॅट, प्रकाशावर चालणारे, दोनशे मीटरचे, खनिज काच, काचेभोवती उंच कडा म्हणजे पालथे पडले तरी काच टेकत नाही, नायलॉनचा अखंड पट्टा. एकही त्रुटी नाही. दुकानदारही सुटल्यासारखा हसला.

घरी येताच क्षितिजाने हात पुढे केला. मी डबी मागे घेतली. चाचणीविना वस्तू सैनिकाच्या हाती द्यायची नसते. ती म्हणाली, "बाबा, कंपनीने केली असेल रे चाचणी." कंपनीची मुलगी जाणार आहे का?

२३ सप्टेंबर, मंगळवार

शीतचाचणी. सियाचीनचा विचार करावाच लागतो. घरच्या फ्रीझरला कालिंदीने ठाम नकार दिला. त्यात उपासाचे पदार्थ आहेत. मार्ग सुचला. नवरात्रात आमच्यासारख्या घरांत मासे बंद, म्हणजे कोळणींचा बर्फ मोकळा. वरळी कोळीवाड्यात मीराबाईंकडे गेलो. वर्षानुवर्षे आमच्याकडे मासळी त्यांचीच. त्यांनी पेटी उघडून दिली, पण बोलल्याच: "सर, नवरातीत म्हावरा नको बोलता, नि माज्या बर्फात घड्याल ठेवता? हे काय, तलून खायचा हाय?" मी तापमान आणि बॅटरी यांचा संबंध समजावू लागलो. त्या म्हणाल्या, "ठेवा, ठेवा. बोंबलांच्या बाजूला ठेवा, तितं थंडी जास्त."

स्थानिक ज्ञानाचा आदर केला.

२४ सप्टेंबर, बुधवार

यशस्वी! रात्रभर बर्फात राहूनही सेकंदाचा फरक नाही. आनंदाच्या भरात, कालिंदीलाही बरे वाटावे म्हणून, घड्याळ देवघरात घटाशेजारी ठेवले.

थोड्या वेळाने देवघरातून हाक आली. "अहो! घटापाशी बोंबील कोणी आणला?"

मला स्वतःला कसलाच वास येत नव्हता. आम्हा मासे खाणाऱ्या मंडळींना तो येतच नाही. नवरात्रात मात्र तिसऱ्या दिवसापासून बायकांची नाके तीक्ष्ण होतात. नायलॉनचे तंतू वास कसा धरून ठेवतात, हे मी समजावू लागलो. क्षितिजा हसता हसता खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, शत्रूला कळायच्या आधी मांजरींना कळेल मी कुठे आहे ते."

कालिंदी म्हणते, बेसन आणि लिंबू लावा, हाताचा वास जातो तसा जाईल. हा तोडगा अनुभवाधारित आहे, शास्त्राधारित नाही. माशाचे तेल गरम पाणी आणि साबण यांनीच सुटते. क्षितिजा म्हणाली, "पण बाबा, गरम पाणी आणि साबण..." मी तिला थांबवले. तो नियम सामान्य वापरकर्त्यांसाठी आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

काचेच्या आत किंचित धुके. चिंतेचे कारण नाही. मुंबईची हवाच दमट.

संध्याकाळी: धुके दाट. घड्याळ तांदळाच्या डब्यात पुरले. तांदूळ ओलावा शोषतो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

क्षितिजाला निरोपाचे जेवण. कालिंदीने नकळत त्याच डब्यातले तांदूळ घेतले. हेरंबने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "ताई, नवरात्रात कोळंबीभात! तू खरी सुधारलीस." सर्वांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला. कालिंदी माझ्याकडे पाहत होती. मी ताटात पाहत होतो.

तांदूळ ओलाव्याबरोबर वासही शोषतो, ही नवी माहिती.

घड्याळ बंद. काटे सव्वाचारावर.

२७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी थेट गिरगावात. दुकानदाराने मला रस्त्यापलीकडूनच पाहिले असावे. मी पोचलो तेव्हा शटर अर्धे खाली होते आणि आतून "जेवण चालू आहे" असा आवाज आला. सकाळी दहाला. माणसे जेवणाच्या वेळा पाळत नाहीत, मग पोटाचे विकार होतात.

दुसऱ्या दुकानात त्याच जातीचे घड्याळ होते. हातात घेतले. पैसे काढणार, तोच शंका आली: पहिले धुण्याने गेले हे खरे, परंतु मुळात निवडच चुकली असेल तर? रबराऐवजी दुसरी कडी असलेले एखादे असेल तर? अपुऱ्या अभ्यासावर पोरीला रणांगणात पाठवायचे? परत ठेवले.

दुपारी हेरंबचा फोन. म्हणाला, "भाऊजी, मस्करी पुरे. मी मागवतो एक, संध्याकाळपर्यंत घरी येईल. तुमच्याच नावाने द्या, मी कोणाला सांगणार नाही." मी म्हणालो, गरज नाही, योग्य घड्याळ निवडून मी कुरिअरने पाठवीन. फोन ठेवला आणि मागे वळलो तर क्षितिजा दारात उभी. बॅगेत मोज्यांच्या गुंडाळ्या रचत बसली. मग म्हणाली, "बाबा, उद्या विमानतळावर येणार आहेस ना? की तेवढ्यात काही वाचायचं आहे?"

येणार, असे सांगितले. अर्थात मला वाचायचे होतेच.

२८ सप्टेंबर, रविवार

कालिंदीने तिच्या हातावर दही घातले. मनगट उघडे होते. तेथे पाहायचे नाही, असे मी ठरवले होते. परंतु दही तळहातावर घालतात, आणि तळहात मनगटाला जोडलेला असतो.

विमानतळावर वेळ वाया घालवला नाही. घड्याळाविना वेळ कशी ओळखावी ते शिकवले. हात सरळ पुढे धरायचा, बोटे आडवी, क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये. एकेक बोट म्हणजे सूर्यास्ताला उरलेला साधारण पाव तास. बाहेर छप्पर असल्याने सूर्य दिसत नव्हता, म्हणून एक दिवा सूर्य मानला. क्षितिजाने निमूटपणे हात पुढे धरला. मी तो सरळ करायला पकडला आणि मग सोडायचे राहून गेले. ढगाळ दिवशी काय करावे, या मुद्द्यावर आलो, तोवर रांग पुढे सरकली. ती आत गेली. काचेमागून तिने आडवी बोटे धरून दाखवली. मला वाटले, ती वेळ मोजते आहे. कालिंदी म्हणाली, "अहो, टाटा करतेय ती."

ढगाळ दिवसाचा मुद्दा राहिलाच.

५ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर सखोल तयारी केली. नव्या चार घड्याळांचा तौलनिक अभ्यास, कड्यांचे प्रकार, पट्ट्यांची ताणशक्ती. क्षितिजाला आज थोडा वेळ फोन मिळणार होता. मुद्दे क्रमवार पाठ केले. कालिंदीला सांगितले, की आधी मी बोलेन, कारण माझा विषय तातडीचा आहे.

दुपारी फोन आला. आवाज बसलेला. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "बाबा, ते कुरिअर नको करूस. घड्याळ लागतच नाही रे इथे. उठायला शिट्टी, जेवायला शिट्टी, झोपायला शिट्टी. किती वाजले हे विचारायलाही कोणी उभं राहू देत नाही."

म्हणजे सारा प्रकल्पच मुळात अनावश्यक. त्यावर माझ्याकडे उत्तर होते.

मग ती म्हणाली, "पण तू बोल ना. काहीतरी समजावून सांग. ते काचेचं सांग, नीलमणी आणि ते दुसरं. काहीही सांग, मी ऐकतेय."

असा विद्यार्थी मला उभ्या कारकिर्दीत मिळाला नव्हता. सगळे मुद्दे तोंडपाठ होते. मी घसा साफ केला आणि विचारले, "जेवलीस का?"

ती हो म्हणाली. त्यानंतर कालिंदीने फोन घेतला.

कालिंदी म्हणते, हा प्रश्न मी तीनदा विचारला. मला तरी दोनदाच विचारल्याचे आठवते.