ओमाहाची जागा

१७ मार्च, शुक्रवार

ओमाहा!

यादीतलं बारावं नाव. शेवटचं. मेडिकल कॉलेजातले सगळे निकालाची पाकिटं फोडून एकमेकांच्या गळ्यात पडत होते आणि मी माझं पाकीट परत बंद करत होते. पहिली अकरा रुग्णालयं इथली, केंटकीतली आणि आसपासची. बारावं टाकलं ते डीनबाई म्हणाल्या म्हणून. म्हणे, कुठेच जागा न मिळण्यापेक्षा बरं.

आपण पसंतीच्या रुग्णालयांची यादी द्यायची, त्यांनी आपल्यासारख्या नव्या डॉक्टरांची, आणि कॉम्प्युटर गाठ मारणार. हीच ती मॅच. एकदा मारली की सुटत नाही. तशी सहीच घेतात आधी.

डॅडींना फोनवर सांगितलं. मागे ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज. मग म्हणाले, नेब्रास्कात मका चांगला होतो असं ऐकलंय.

१९ मार्च

घरी आले. जाणार नाही. ठरलं.

एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत घालवलेल्या माणसाच्या छातीत काय उरलंय, ते मी एक्स-रेवर स्वतः पाहिलंय. चार पायऱ्या चढताना दोनदा थांबतात. आई नाही. पाठचं-पुढचं भावंड नाही. आणि मी चौदा तासांच्या अंतरावर जाऊन परक्यांची फुप्फुसं तपासू?

४ एप्रिल

सूट मिळावी म्हणून अर्ज पाठवला. मॅचच्या कार्यालयातली बाई फोनवर फार गोड बोलली. सूट मिळेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही रुग्णालयाशी बोलणी करायची नाहीत, हेही गोडच सांगितलं.

केली! दुपारीच गेले. तालुक्याच्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टरांच्या दोन जागा रिकाम्या पडल्यात. तिथले प्रमुख म्हणाले, सूट आण आणि उद्यापासून ये. मी म्हटलं, सूट येईलच, आजच घ्या. ते हसले नाहीत.

१२ मे

नकार. वडिलांचा आजार यादी देण्याच्या आधीपासूनचा, तो आपणास ज्ञात होता, सबब.

सबब! होता ज्ञात. पण फेब्रुवारीत ते स्वतः ट्रक चालवत होते, हे कुठल्या रकान्यात लिहायचं होतं?

डॅडींनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला. मला वाटलं आता त्या लोकांचा उद्धार करतील.

"तूच नाव घातलंस ना यादीत? मग शब्द दिलास."

"शब्द कॉम्प्युटरनं दिला."

"सहीपण त्यानंच केली का?"

रात्रीच्या जेवणाला मक्याचा पाव आणि घेवडा.

१ जुलै

आज ओमाहात पहिला दिवस. मी इथे. पुढच्या ओसरीवर बसून शेंगा सोलल्या. डॅडींच्या मशीनची जाळी धुतली. डॉ. थॉर्सनबाईंचे — तिथल्या प्रमुख — तीन फोन. उचलले नाहीत. मजेत आहे.

खोटं. पण वही माझी आहे.

२८ जुलै

नियम मोडल्याचा निकाल. तीन वर्षं मॅच बंद. एक वर्ष मॅचमधल्या दुसऱ्या कुठल्याही रुग्णालयानं मला घ्यायचं नाही. माझं नाव एका यादीत, आणि ती यादी देशभर सगळ्यांना दिसणार. तालुक्याच्या प्रमुखांचा फोन आला. हात बांधलेत म्हणाले. ते त्या दिवशीही बांधलेलेच होते, मीच पाहिलं नाही.

वाटल्यास पश्चात्तापाचं निवेदन जोडता येईल, असं शेवटी लिहिलंय. जोडलं. एक ओळ — पश्चात्ताप झालेला नाही. सही, तारीख.

खालच्या दवाखान्यात काम मिळालं. डॉक्टरकीची पदवी खोक्यात, आणि मी लोकांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळते. गुंडाळीन! तीन वर्षं गुंडाळीन.

१ ऑगस्ट

डॅडी आज अंघोळीला बसूनच राहिले. मी हात दिला तर झिडकारला. दहा मिनिटांनी स्वतःच हाक मारली.

१६ ऑगस्ट

अनोळखी नंबर. घेतला. ओमाहाहून याडिरा नावाची मुलगी, पहिल्याच वर्षाची शिकाऊ डॉक्टर. मी तिच्याबरोबर असायला हवी होते. आता भांडणार म्हणून मी कंबर कसली, तर तिनं आधी डॅडींची चौकशी केली. तसेच आहेत म्हटलं.

पाच जणांचं काम चौघं करताहेत म्हणाली. तिला दोन वर्षांची मुलगी आहे. "माफी नकोय मला. फक्त तुला माहीत असावं, तुझ्या वाट्याचे रविवार मी करते आहे."

माझ्याकडे बोलायला खूप होतं. नियम मी केले नाहीत, जागा भरत नाहीत तो दोष माझा नाही. ठेवला फोन.

डॅडी शेजारीच होते. फोनचा आवाज मोठा, सगळं ऐकलं त्यांनी. मग थांबत थांबत सांगितलं. खाणीत एखादा पाळीला आला नाही, तर त्याच्या जागी दुसरा खाली उतरायचा. अर्ल कूम्स नावाच्या माणसासाठी ते दोनदा उतरलेत.

"बरं, मग?"

"मग काही नाही. त्याच्याशी मी अजून बोलत नाही."

२ सप्टेंबर

थॉर्सनबाईंचं पत्र. हातानं लिहिलेलं. जागा अजून रिकामी आहे. एक ऑक्टोबरपर्यंत ये, शिक्षा कमी करा असं मी स्वतः कार्यालयाला लिहीन. वडिलांसाठी थांबलीस यात मला काही वाईट दिसत नाही, पण न कळवता थांबलीस.

डॅडींना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सांगितलं, जाणार नाही. दया नको कुणाची. शिवाय तुम्हाला कोण बघणार?

त्यांनी एवढंच विचारलं, गुरुवारी दवाखाना किती वाजेपर्यंत.

७ सप्टेंबर, गुरुवार

डॅडी गेले.

वारले नाहीत — गेले. पाचला घरी आले तर मशीन नाही, औषधं नाहीत, खुंटीवरची टोपी नाही. चर्चमधल्या क्लीटसनं ट्रकमधून नेलं. खाणकामगारांच्या शुश्रूषागृहात खोली घेतलीय. अर्जावर त्यांची सही सतरा ऑगस्टची.

फोन केला. धाप लागली होती, तरी आवाज खुशीत.

"हां, आता सांग. कुणासाठी थांबली आहेस?"