ग्वाकामोलेचा वाडगा

गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५
कौशिकला निरोप दिला. इथल्या मुशैरिब भागातल्या मेक्सिकन हॉटेलात. ऑफिसात मराठी बोलणारा तो एकटाच होता — आता तेही खलास!
टेबलावर ‘स्पायसी ग्वाकामोले’ आलं. अवोकाडो ठेचून केलेली हिरवी चटणी. स्पायसी? लातूरच्या माणसाला? तुपासारखं गुळगुळीत! मी नाक मुरडलं तर कौशिक म्हणाला, “काका, मग तुम्हीच करून दाखवा ना.”
कोणाला दाखवू? तू तर चाललास.

शनिवार, ४ ऑक्टोबर
तीन अवोकाडो आणले. नुसते दगड! तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले, आंबे आढीत घालतात तसे. जयमाला असती तर हसली असती. दोन वर्षं झाली तिला जाऊन. अजून काही नवीन केलं की सांगायला मागे वळतो.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
तिन्ही एकाच दिवशी पिकले! एका माणसाने किती खावेत? तिच्या खलबत्त्यात हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ कुटलं. एकाचा गर, कांदा, कोथिंबीर, लिंबू. नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्लं. झकास झालं होतं. तसं मोठ्याने म्हणालोही, एकटाच.
उरलेल्या दोन्हींचं उद्या सकाळी करून ऑफिसला नेतो.

बुधवार, ८ ऑक्टोबर
वाडगा ऑफिसच्या पॅन्ट्रीत ठेवला. वर चिठ्ठी — व्हेरी स्पायसी, प्लीज ट्राय. अकराला साइटवर गेलो, तिथूनच घरी.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
वाडगा माझ्या टेबलावर — रिकामा! घासूनपुसून पालथा घातलेला. कोणीतरी खाल्लं! सगळंच्या सगळं!

शुक्रवार, १७ ऑक्टोबर
या बुधवारीही तेच. कोण असेल? ड्रॉइंगमधला रिफत? हल्ली येता-जाता हसतो. की एचआरची रबिया? विचारायला जीभ रेटत नाही. विचारलं आणि गंमतच गेली तर?
इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून वाचत बसलो. हे खाणं मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांचं, स्पॅनिश तिथे पोचायच्या आधीपासूनचं. दगडी खलात ठेचायचे — आपल्यासारखेच! कांदा, कोथिंबीर, लिंबू मागाहून बाहेरून गेले. आणि मिरची? ती तिकडचीच! पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आलेली. आणि मी त्या हॉटेलात लातूरची ऐट मिरवत होतो!
आज मिरचीला कोणी परकी म्हणतं का? मला इथे आखातात चार वर्षं झाली.

मंगळवार, २१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. ऑफिस होतंच. फराळ कुठला — वाडगा नेला. दोन मिरच्या जास्त.
संध्याकाळी पुण्याहून ईशाचा व्हिडिओ कॉल. “बाबा, कॉन्ट्रॅक्ट संपतंय ना? या आता घरी. तिथे तुमचं आहे तरी कोण?”
लेकीला वाडग्याचं काय सांगणार!

गुरुवार, ३० ऑक्टोबर
आणखी दोन वर्षांसाठी सही केली. ईशा फोनवर रडली. “कामासाठी गं,” म्हणालो. खोटं. माझ्या हातचं कोणीतरी चाटूनपुसून खातंय, एवढ्यावर सही केली. छप्पन्नाव्या वर्षी हा मूर्खपणा! पण बरं वाटतंय.

बुधवार, ५ नोव्हेंबर
एक फाइल राहिली म्हणून चारला साइटवरून ऑफिसात परत आलो. पॅन्ट्रीत मन्सूर होता — चहा आणि साफसफाई तोच बघतो, माझ्याच वयाचा. माझा वाडगा कचऱ्याच्या पिशवीत खरवडत होता. आतलं सगळं काळं. मी ओळखलंच नाही.
“साब, ये हर बार दोपहर तक काला पड़ जाता है. कोई हाथ नहीं लगाता. बर्तन आपका है, इसलिए धो के रख देता हूँ.”
‘शुक्रन’ म्हणून आभार मानले. दुसरं काय म्हणणार?

गुरुवार, ६ नोव्हेंबर
ऑफिसला गेलो नाही. केलेली सही पुसता येत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर
दोन दिवस पडून आहे. अल थुमामातल्या माझ्या घरावरून विमानं जातात, ती ऐकतो. घरी मी लगेच संपवायचो, म्हणून काळं पडलेलं कधी पाहिलंच नव्हतं. हवा लागली की पडतं म्हणे. लिंबू जास्त पिळायचं, वर पातळ प्लास्टिक अगदी चिकटवून बसवायचं. एवढं साधं!
ईशाचं बरोबर होतं. कोणी नव्हतंच. महिनाभर कचऱ्याच्या पिशवीला जेवू घातलं.
डब्यात दोन अवोकाडो पिकलेत. टाकवत नाहीत.

रविवार, ९ नोव्हेंबर
केलं. मिरची बेताचीच — हौस उरली नाही. प्लास्टिक बसवलं. वाडगा पॅन्ट्रीत ठेवला, चिठ्ठी लावली नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर
वाडगा टेबलावर. न धुतलेला! शेजारी मन्सूर उभा.
“साब, कल हरा ही था. फेंका नहीं. मैं खुबूस रोटी के साथ पूरा खा गया.” वाडगा धुवायला उचलला. “मिर्ची कम थी.”