मंगलाष्टकात वर गेलेला हात

बाबा,

परवा तुमच्या नातीचं लग्न झालं आणि मंगलाष्टकं मी म्हटली. तुम्ही असता तर दुसऱ्या ओळीलाच माझ्या हातातून माइक काढून घेतला असता. एकदा घेतलाच होता. मी सातवीत होते, रुआबांध्यात तुमच्यासोबत क्रेनवर काम करणाऱ्या काकांच्या घरी लग्न होतं. भंडाऱ्याकडून इथल्या स्टील प्लांटमध्ये आलेल्या आपल्या लोकांत तेव्हा मुहूर्ताआधी तुमची शिफ्ट बघायचे. विधी इथला पंडित करायचा, पण दोन्ही घरच्या माणसांची नावं गुंफलेली मंगलाष्टकं तुमच्याशिवाय कोण रचणार आणि कोण म्हणणार? डावा हात कानावर ठेवून तुम्ही सुरू करायचे आणि मांडव गप्प व्हायचा. त्या दिवशी मी हट्टाने एक कडवं मागून घेतलं. तुमच्याच सुरात सुरुवात केली, आणि वरच्या जागेला आवाज फाटला. पोरं हसली. तुम्ही माइक घेतलात आणि तो बंद न करताच म्हणालात, "तुया गळ्यात नाही हे. जाय, अक्षता वाट." सगळ्या मांडवाने ऐकलं. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात आईच्या पदरात तोंड घालून बसले आहे, आणि तुम्ही दारातून विचारता, "कावून रडून राहिली?" तुम्हाला खरंच कळलं नव्हतं. त्यानंतर किती लग्नांत मी अक्षता वाटल्या, बाबा. आरतीलासुद्धा मी नुसते ओठ हलवत आले.

तुमची नात मात्र तुमच्यावर गेली आहे. लग्न ठरलं तसं तिने फर्मान काढलं, "आजोबाचीच मंगलाष्टकं पाहिजे मले. और मम्मी, तू ही गाएगी." मी म्हटलं, आजकाल सगळे मोबाइलवरचं रेकॉर्डिंगच लावतात. तर म्हणते, "फिर कोर्ट में ही कर लेती हूँ शादी." पेटीतून तुमची मंगलाष्टकांची वही काढली. हातात तीन महिने होते. शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून मी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावून सराव करायचे. महिनाभरात घसा असा बसला की भाजीवाल्याशी घासाघीस करता येईना. पोरगी एकदा दारात येऊन म्हणाली, "मम्मी, तू गाऊन नाही राहिली, चिल्लावून राहिली." राग आला, पण खरं होतं. पंख्याच्या वर आवाज काढायच्या नादात मी ओरडायलाच शिकत होते. आपलं घरच तसलं. तुम्ही जन्मभर प्लांटच्या आवाजावर बोललात, आणि आम्ही तुमच्यावर. त्या दिवशी पंखा बंद केला आणि मोबाइलवर स्वतःचं एक कडवं भरून ऐकलं. ती कोणी परकीच बाई वाटली, आणि ती मला मुळीच आवडली नाही.

मग आमच्या कॉलनीच्या सेक्टरमधल्या पोरांना हार्मोनियम शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेले. या वयात, पोरांच्या चपलांशेजारी चपला काढून. त्यांनी पंधरा दिवस गाऊच दिलं नाही. तोंड मिटून, खालच्या सोप्या सुरात नुसतं गुणगुणायचं, आणि पोटावर हात ठेवून श्वास सावकाश सोडायचा. कणीक मळताना, कुकरची शिट्टी होईपर्यंत, मी गुणगुणत बसायचे. पुढे एक दिवस त्यांनी मला तुमच्या चालीत म्हणायला लावलं, थोडं ऐकलं आणि थांबवलं. म्हणाल्या, "वडिलांची पट्टी धरून बसला आहात तुम्ही. ती पुरुषाची. खाली तुम्हाला पुरत नाही आणि वर गेलं की फाटतं. आपली पट्टी शोधा." म्हणजे सातवीतल्या त्या पोरीचा गळा वाईट नव्हता, सुरुवातीची जागाच तिची नव्हती! हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का, बाबा? नसेलच. तुम्हाला तरी कोणी शिकवलं होतं? पण मला राग आला, खूप आला. पुढचा आठवडाभर मी तुमच्या फोटोसमोर उदबत्तीही लावली नाही.

तरी भीती काही जाईना. लग्नाच्या सकाळी मी कोणालाही न सांगता साउंडवाल्याकडे गेले. कुम्हारीचा माणूस, माझ्याच वयाचा, भला. त्याला म्हटलं, रेकॉर्डिंग तयार ठेव, मी डावा हात उचलला की लाव. तो म्हणाला, "टेंशन झन ले दीदी, हाथ उठा देबे, मैं चालू कर दुहूं." काळजी नको, म्हणाला, तेवढ्याने छातीवरचं ओझं जरा हललं.

दुपारचा मुहूर्त. अंतरपाट धरलेला, नवरदेवाकडची उतई गावची, मराठी नसलेली मंडळी मुठीत अक्षता घेऊन माझ्याकडे बघताहेत. मंगलाष्टकं म्हणजे काय हे त्यांच्यात कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे सगळे जास्तच लक्ष देऊन. माझा पदर घामाने पाठीला चिकटलेला. पहिलं कडवं निघालं. दुसरं हललं, पण निघालं. तिसरं ते, तुम्ही माझ्या लग्नासाठी रचलेलं, लेकीचं. मी त्यात फक्त नाव बदललं होतं. माझ्या लग्नात ते म्हणताना तुमचा आवाज एकदाही कापला नाही, आणि अंतरपाटाआड उभी राहून मी मनात म्हटलं होतं, याला काहीच कसं वाटत नाही? आता माझी लेक त्या कापडाआड उभी, आणि तिचं नाव माझ्या तोंडातून निघेना. पट्टी नाही, श्वास नाही, बाईंनी शिकवलेलं काही म्हणजे काही आठवेना. डावा हात वर गेला.

लगेच स्पीकरमधून कोणा गोड गळ्याच्या बाईचं गाणं सुरू झालं. तिला आमच्यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. तिने "सावधान" म्हणताच उतईवाल्यांनी होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता उधळून टाकल्या. अंतरपाटाचं टोक बाजूला सरलं आणि पोरीचा चेहरा दिसला. मुंडावळ्यांतून ती माझ्याकडे बघत होती. तोंड एवढंसं झालेलं. "मम्मी," ती म्हणाली, "तू म्हण ना."

"बंद कर ते!" मी ओरडले. क्रेनच्या केबिनमधून खालच्या माणसाला ओरडावं तसा तो आवाज होता, बाबा, तुमचाच. मांडव चिडीचूप. त्या शांततेत मी तोंड मिटून गुणगुणले, माइकवर सगळ्यांना ऐकू जाईल असं, माझी खालची जागा सापडेपर्यंत. वितळलेल्या लोखंडाने भरलेली लाडल क्रेनने उचलण्याबद्दल तुम्ही नव्या माणसांना सांगायचे ना, "झटका नोको देऊ, हळू घे"? तसं हळू घेतलं. वरची जागा आली. आवाज बारीक झाला, कापला, पण फाटला नाही. शेवटपर्यंत म्हटलं. उतईवाल्यांच्या मुठी तोवर रिकाम्या झाल्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या पंगतीत ते रुआबांध्याचे काका आले. आता काठी घेऊन चालतात. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बापासारखाच कानावर हात नेते पोरगी. त्या साउंडवाल्याले काय कळते! नेमकं मधातच लावून देल्लं." मी हसून मान हलवली. आमच्या यांनी त्या बिचाऱ्याला चार शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वायर गुंडाळत राहिला. उद्या कुम्हारीला जाऊन त्याला भेटणार आहे.

हे पत्र तुमच्या वहीत, त्या तिसऱ्या कडव्याच्या पानात ठेवून देते. पोरगी माहेरपणाला येईल तेव्हा तिलाही हे सांगवेल की नाही, ठाऊक नाही. हात कानाकडे जात नव्हता, बाबा. तुमचंच खरं आहे, माझ्या गळ्यात नाही हे, असं वाटून मी तो उचलला होता.