तुटलेल्या सुईचं टोक

३ फेब्रुवारी
आज पुन्हा बायकांवर ओरडले. आम्ही कारखान्यात तान्ह्या मुलांचे फ्रॉक शिवतो – सुई तुटली की हात वर करायचा, लाईन थांबवायची, सगळे तुकडे शोधून जमा करायचे, मगच नवी सुई. पण लाईन थांबली की टार्गेट बोंबलतं. म्हणून बायका तुकडे गुपचूप पायाने लोटतात आणि घरून आणलेली सुई लावतात. लाईन माझ्या हाताखाली, त्यामुळे घसा माझाच बसतो.
सगळ्यात जास्त संशय नणंदेवर, तीही माझ्याच लाईनवर. तिची सुई म्हणे कधी तुटतच नाही. वज्राची असावी!

४ फेब्रुवारी
नवऱ्यापुढे त्याच्या बहिणीचं गाऱ्हाणं. जेवता जेवता म्हणाला, "तू मशीनवर शेवटची कधी बसलीस?" झोंबलं.

५ फेब्रुवारी
बसले. दुपारी सुई तुटली – माझीच! पहिला विचार काय आला? टोक पायाने सरकवावं.
हात वर केला. लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर रांगले. मागून कोणीतरी, "बाई, फरशीही पुसून घ्या आता!" सगळ्या हसल्या. मीही.

६ फेब्रुवारी
दिवसभर ओरडले नाही. जीभ चावून चावून दुखतेय.

९ फेब्रुवारी
काजं करणारीने हात वर केला. तिच्याबरोबर मीही खाली बसून शोधलं. साहेब – "टार्गेट का पडलं?" म्हटलं, लाईन मी थांबवली.
नणंद मान खाली घालून शिवत होती. घरच्या सुया शोधायला तिचा ड्रॉवर उघडावा म्हणून हात शिवशिवले. उघडला नाही.

१२ फेब्रुवारी
नणंदेने हात वर केला! मशीन तर धडधाकट. जवळ गेले, तर हळूच, "वहिनी, आजची नाही, परवाची. टोक सापडलंच नाही... फ्रॉकचा गठ्ठा तसाच पुढे गेला."
तोंडाशी काय काय आलं. गिळलं. "कुठला गठ्ठा?" एवढंच विचारलं. दोघी साहेबांकडे गेलो. माल भरून गाडी उभी होती, ती रिकामी करायला लावली.

१३ फेब्रुवारी
टोक सापडलं. फ्रॉकच्या गळपट्टीत – बाळाची हनुवटी टेकते तिथे. सगळ्या बायका बघून गेल्या.
मग एकेक जण माझ्याकडे येऊ लागली. हिचा मागच्या महिन्यातला गठ्ठा, तिचा त्याच्याही आधीचा. मला ओरडावंसं वाटलं नाही. भीती वाटली. उद्या हे सांगायला साहेबांपुढे पहिली मी उभी राहणार.
तो माल कधीच विकला गेलाय. ते फ्रॉक आत्ता कोणाच्या तरी अंगात आहेत.